पॅरोल बोर्डावरची नेमणूक आणि सिनेटचा होकार: कॅलिफोर्नियातल्या नवख्यांसाठी

फॉल्सममध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाला दोन गोष्टी लवकर कळतात. इंटेलमुळे इथं आपली माणसं बरीच आहेत, आणि गावाच्या कडेला ग्रॅनाइटच्या भिंतींचा एक तुरुंग आहे, १८८० पासूनचा. पहिल्या गोष्टीची चर्चा गणपतीत होते, दुसरीची सहसा होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र झाली. आईवडिलांच्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या मेनेंडेझ बंधूंना पॅरोल नाकारल्याची बातमी आली आणि आमच्या ग्रुपवर एकानं विचारलं, "हे ठरवतं कोण, जज?" कुणीतरी लिहिलं, "नाही, बोर्ड." "बोर्डावर कोण असतं?" "गव्हर्नर नेमतो ती माणसं." "म्हणजे त्याचीच माणसं, झालं!" आणि गप्पा आंब्याच्या पेट्यांकडे वळल्या.

हे उत्तर अर्धंच होतं. गव्हर्नर नेमतो हे खरं, पण राज्याच्या सिनेटनं, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहानं, होकार दिला नाही तर ती माणसं वर्षभरापलीकडे खुर्चीत राहू शकत नाहीत. हा होकार कसा मिळतो, कुठे अडतो आणि तुमच्याआमच्यासारख्यांनी त्यात कुठे तोंड घालायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. नागरिकत्व लागत नाही, वकिली लागत नाही. थोडं वाचन मात्र लागतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवा

महाराष्ट्रात आपण "पॅरोलवर सुटला" म्हणतो तेव्हा तो परत जाणार हे गृहीत असतं. घरात लग्न आहे, आई आजारी आहे, म्हणून काही दिवसांची सुट्टी. १९५९ च्या नियमांखाली नेहमीचा पॅरोल विभागीय आयुक्त देतात, फर्लो तुरुंग खात्याचे उपमहानिरीक्षक देतात. विधानसभेचा या कशाशी संबंध येत नाही.

कॅलिफोर्नियातला पॅरोल म्हणजे परत न जाण्यासाठी सुटणं. माणूस बाहेर येतो आणि पुढची काही वर्षं पॅरोल एजंटच्या देखरेखीखाली राहतो. "१५ वर्षं ते जन्मठेप" किंवा "२५ वर्षं ते जन्मठेप" अशी शिक्षा झालेल्यांसाठी सुटकेचा मुख्य दरवाजा हाच. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायचीच तर ती पॅरोल नाही, जन्मठेपेच्या कैद्याची मुदतपूर्व सुटका आहे. हा फरक डोक्यात बसला नाही तर पुढचं सगळं वाकडं वाचलं जाईल.

पायरी १: कोणत्या खुर्चीसाठी मंजुरी लागते ते ओळखा

बोर्डाचं नाव बोर्ड ऑफ पॅरोल हिअरिंग्ज. त्यावर पूर्णवेळ कमिशनरांच्या २१ जागा आहेत. गव्हर्नर नेमणार, सिनेट मंजूर करणार, मुदत तीन वर्षं, आणि मुदती एकदम संपू नयेत म्हणून पुढेमागे ठेवलेल्या. मधेच एखादी जागा रिकामी झाली तर नवा माणूस फक्त उरलेल्या मुदतीपुरता येतो. म्हणून नवा चेहरा दिसला की त्याला पुरती तीन वर्षं मिळाली असं समजू नका.

सुनावणी घेणारं पॅनल मात्र बहुतेक वेळा दोघांचं असतं, एक कमिशनर आणि एक डेप्युटी कमिशनर. डेप्युटी हे सरकारी नोकर, भरती प्रक्रियेतून आलेले. त्यांच्यासाठी सिनेट बसत नाही. एखाद्या डेप्युटीवर राग असेल तर मंजुरीची सुनावणी ही त्यासाठीची जागा नाही.

खुर्चीत किती ताकद आहे हेही माहीत हवं. पॅरोल नाकारला तर पुढची सुनावणी कधी, हे पॅनलच ठरवतं. मार्सीज लॉ या पीडितांच्या हक्कांसाठीच्या २००८ च्या कायद्याप्रमाणे ती ३, ५, ७, १० किंवा १५ वर्षांनी. मेनेंडेझ भावांना तीन-तीन वर्षं मिळाली. पन्नाशीतल्या कैद्याला तीन आणि पंधरा यांतला फरक काय वाटत असेल, त्याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

दोघांची मतं जुळली नाहीत तर प्रकरण पूर्ण बोर्डाकडे जातं. खुनाच्या गुन्ह्यात पॅनलनं पॅरोल दिला तरी गव्हर्नर तो फिरवू शकतो, मतदारांनी मंजूर केलेल्या १९८८ च्या प्रपोझिशन ८९ पासून. रॉबर्ट केनेडींच्या खुन्याच्या, सिरहान सिरहानच्या प्रकरणात हे सगळं एकापाठोपाठ बघायला मिळालं. ऑगस्ट २०२१ मध्ये पॅनलनं पॅरोल दिला, जानेवारी २०२२ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी फिरवला, आणि मार्च २०२३ मध्ये दुसऱ्या पॅनलनं नाकारला. माणूस तोच, गुन्हा तोच. समोर बसलेली माणसं बदलली होती.

पायरी २: गव्हर्नरचं पत्रक शेवटून वाचा

नेमणुका गव्हर्नरच्या कार्यालयाच्या पत्रकांतून जाहीर होतात. एका पत्रकात अनेक खात्यांची नावं एकत्र असतात. प्रत्येक नावाखाली एक परिच्छेद: गाव कोणतं, आधी कुठे आणि कधीपासून नोकरी, शिक्षण काय. शेवटी ठरलेला मजकूर येतो. या पदाला सिनेटची मंजुरी लागते, पगार इतका, आणि व्यक्ती अमुक पक्षाची मतदार आहे किंवा तिनं कोणताच पक्ष नोंदवलेला नाही. मी आता थेट त्या ओळीवरच उडी मारते. मंजुरीचा उल्लेख नसेल तर पुढची धावपळच वाचते.

नंतर वर या आणि दोन गोष्टी शोधा. पहिली, नेमणूक नवी की फेरनेमणूक. दुसरी, माणूस आला कुठून. पोलीस, सरकारी वकील, तुरुंगाचा अधिकारी, बचावपक्षाचा वकील, मानसतज्ज्ञ, शिक्षक? कायदा म्हणतो की कमिशनरांना फौजदारी न्यायव्यवस्थेची व्यापक जाण हवी. शक्यतो तुरुंग प्रशासन, समाजशास्त्र, कायदा, पोलीस, वैद्यक, मानसिक आरोग्य, शिक्षण यांपैकी कशाचा तरी अनुभव किंवा अभ्यास हवा. शिवाय सगळं बोर्ड मिळून राज्याच्या लोकसंख्येचं, वंश, लिंग, आर्थिक स्थिती आणि भूगोल धरून, जमेल तितकं प्रतिबिंब असावं. याच बोर्डावर वर्षानुवर्षं पोलीस-तुरुंग खात्यातल्या माणसांचा भरणा असल्याची तक्रार आहे आणि ती निराधार नाही.

तरी नोकरीच्या यादीवरून माणूस ओळखायला जाऊ नका. माजी पोलीस म्हणजे कडक आणि बचावपक्षाचा वकील म्हणजे मऊ, हा हिशोब मीही करत होते. चौथ्या पायरीवर तो मोडला.

पायरी ३: ३६५ दिवसांचं घड्याळ लावा

नवख्यांना सगळ्यात जास्त चकवा इथे बसतो. आपल्याला वाटतं, आधी मंजुरी, मग खुर्ची. कॅलिफोर्नियात उलटं आहे. नेमलेली व्यक्ती शपथ घेते, प्रशिक्षण घेते आणि कामाला लागते. सिनेटकडे तिनं काम सुरू केलेल्या दिवसापासून ३६५ दिवस असतात. तेवढ्यात होकार आला नाही तर खुर्ची सोडावी लागते. सिनेटनं स्पष्ट नकार दिला तर त्यानंतर ६० दिवस किंवा मूळचे ३६५ दिवस, जे आधी संपेल तोपर्यंतच राहता येतं.

म्हणून पत्रकाच्या तारखेवर भागवू नका. काम सुरू झाल्याची तारीख शोधा, ती वेगळी असू शकते. विधिमंडळ सुट्टीवर असलं तरी घड्याळ चालूच राहतं, त्यामुळे बरीच नावं वर्ष भरत आलं की समितीसमोर येतात. मी कॅलेंडरवर दोन खुणा करते, नववा महिना आणि बारावा.

या घड्याळाचा एक बारीक परिणाम आहे. "नाही" असं मोठ्यानं म्हणायची वेळ सिनेटवर फारशी येत नाही. नको असलेलं नाव विषयपत्रिकेवर घेतलंच नाही की काम झालं. कधी गव्हर्नरच नाव मागे घेतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही, आणि एक दिवस खुर्ची रिकामी असते.

प्रत्येक राज्याचं घड्याळ असंच नाही, हे शिकागो किंवा डॅलसच्या नातेवाइकांशी वाद घालण्याआधी लक्षात ठेवा. इलिनॉयमध्ये गणित बरोबर उलटं आहे. तिथल्या राज्यघटनेप्रमाणे सिनेटनं नाव मिळाल्यापासून कामकाजाच्या ६० दिवसांत काहीच केलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. म्हणजे कॅलिफोर्नियात गप्प बसणं हा नकार, इलिनॉयमध्ये गप्प बसणं हा होकार. तिथे पॅरोल ठरवणाऱ्या प्रिझनर रिव्ह्यू बोर्डावरून २०२२ मध्ये जे झालं ते मुद्दाम वाचण्यासारखं आहे. गव्हर्नरनं नावं मागे घेऊन पुन्हा पाठवल्यामुळे काही सदस्य मंजुरीविनाच बराच काळ काम करत होते, आणि विरोधी पक्षानं तो मुद्दा लावून धरला होता. पोलिसांच्या खुनात शिक्षा झालेल्यांना दिलेल्या पॅरोलवरून वातावरणही तापलेलं होतं. सिनेटमध्ये ५९ पैकी ४१ जागा गव्हर्नर प्रित्झकर यांच्याच पक्षाच्या, तरीही मार्चमध्ये त्यांची माणसं पडली, एकानं मतदानाआधीच राजीनामा दिला, आणि १५ जागांच्या बोर्डावर सहाच जण उरले. पंधराचं बहुमत आठ. म्हणजे पूर्ण बोर्डाचं बहुमत लागणारी प्रकरणं घेऊन बसलेल्या कैद्यांनी करायचं काय? "आपल्या पक्षाचं बहुमत आहे, होईल मंजूर" असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण काढते.

टेक्सासात आणखी तिसरा प्रकार. तिथं हजर असलेल्या सिनेटरांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम सालात भरतं. न्यूयॉर्कमध्ये बोर्डाच्या जागा १९ पर्यंत आणि मुदत सहा वर्षांची. या राज्यांबद्दल इथं एवढंच.

पायरी ४: ट्रान्सक्रिप्ट मागवा आणि वाचा

या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

माणूस मंजुरीआधीच कामाला लागतो, हा नियम कुणाला विचित्र वाटेल, पण त्यातूनच आपल्या हाती एक पुरावा येतो. समितीसमोर नाव येईपर्यंत त्या व्यक्तीनं कित्येक सुनावण्या घेतलेल्या असतात. प्रत्येक सुनावणीचं शब्दशः ट्रान्सक्रिप्ट तयार होतं आणि कायद्यानं ते ३० दिवसांत लोकांसाठी खुलं करावं लागतं. कुणीही मागू शकतं. कैद्याचे नातेवाईक असण्याची गरज नाही, कारण सांगण्याचीही नाही. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी अशी ३५ हजारांच्या आसपास ट्रान्सक्रिप्टं संगणकाला वाचायला लावली होती. आपल्याला पाच-सहा पुरतात.

कैद्याचं नाव आणि सुनावणीची तारीख कळवून बोर्डाकडे ट्रान्सक्रिप्ट मागायचं. अमुक कमिशनरनं अमुक महिन्यांत कोणत्या सुनावण्या घेतल्या, हे कळत नसेल तर राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली तीच यादी मागणारा साधा अर्ज करा. अर्जात "सगळं पाठवा" असं लिहू नका. दोन महिने निवडा.

ट्रान्सक्रिप्ट शंभरेक पानांचं असू शकतं. पहिल्या पानांवर पॅनलमध्ये कोण होतं ते दिसतं. मग साधारण ठरलेला क्रम: कैद्याचं लहानपण आणि आधीचं आयुष्य, गुन्हा, तुरुंगातली वर्षं, बाहेर पडल्यावर राहणार कुठे आणि करणार काय. त्यानंतर सरकारी वकील, कैद्याचा वकील आणि कैदी यांचं शेवटचं बोलणं. पीडिताचे कुटुंबीय आले असतील तर त्यांचं निवेदन. मग पॅनल थोडा वेळ आत जातं आणि परत येऊन निर्णय वाचतं.

मी पहिलं ट्रान्सक्रिप्ट वाचलं तेव्हा निकालावरच नजर होती. चूक. एखाद्या कमिशनरनं दहापैकी किती जणांना पॅरोल दिला यावरून फारसं कळत नाही, कारण कोणत्या दहा जणांची प्रकरणं त्याच्याकडे आली हे त्याच्या हातात नसतं. प्रश्न कसे विचारले ते वाचा.

गुन्ह्याबद्दल विचारताना कमिशनर उत्तर ऐकून पुढचा प्रश्न करतो, की कागदावरचे प्रश्न ओळीनं वाचतो? कैदी अडखळला तर थांबतो का? "तुला पश्चात्ताप झाला आहे ना?" हा प्रश्न उत्तर हातात देऊनच विचारलेला असतो. "त्या रात्री घरी पोचल्यावर काय केलंस?" या प्रश्नाला माणसाला स्वतःच उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या जातीचे प्रश्न विचारणारी कमिशनर मी ज्यांच्यात शोधलीच नव्हती त्यांच्यात सापडली. तिची पंचवीस वर्षं तुरुंग खात्यात गेली होती. पार्श्वभूमीवरून काढलेलं माझं गणित तिथेच मोडलं.

मग निर्णयाची पानं. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की मूळ प्रश्न आज हा माणूस समाजाला धोकादायक आहे का, हा आहे. गुन्हा भयंकर होता एवढंच पुरत नाही. भयंकर गुन्हा आणि आजचा धोका यांच्यामध्ये काय दुवा आहे ते सांगावं लागतं. निर्णयात तो दुवा दिसतो का? की "गुन्हा अत्यंत क्रूर होता" हे तीन वेळा लिहून थेट निष्कर्ष?

आणखी एक ठिकाण तपासा. गुन्ह्याच्या वेळी जे २६ वर्षांच्या आतले होते त्यांच्या बाबतीत तरुण वयाच्या मुद्द्यांना, म्हणजे अपरिपक्वता, घरची परिस्थिती, नंतर झालेली वाढ यांना, मोठं वजन देणं पॅनलवर बंधनकारक आहे. काही निर्णयांत हे एका वाक्यात उरकलेलं असतं: "तरुण वयाचे घटक विचारात घेतले." काहींत दोन पानं खर्ची घालून सांगितलेलं असतं, एकोणीस वर्षांचा तो आणि आज पंचेचाळीसचा हा यांच्यात काय बदललं. माझ्या मते कमिशनर पारखायची याहून चांगली कसोटी नाही.

पीडितांच्या कुटुंबाशी वागणंही वाचा. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाबद्दल आई बोलत असताना तिला वेळेची आठवण करून देणारा कमिशनर कैद्याशी कितीही सभ्य वागला तरी माझ्या पत्रात त्याचा उल्लेख येतो.

सूचना: ही वाचनं जड जातात. रात्री झोपण्याआधी वाचू नका.

पायरी ५: पत्र लिहा, आणि योग्य दारात टाका

मी पहिलं पत्र माझ्या असेंब्ली सदस्याला, म्हणजे खालच्या सभागृहातल्या प्रतिनिधीला, पाठवलं होतं. छान छापील उत्तर आलं, विषयाबद्दल आभार मानणारं. असेंब्लीच्या ८० जणांचा या मंजुरीशी काहीच संबंध नसतो, हे मला नंतर कळलं. काम ४० जणांच्या सिनेटचं आहे, आणि तिथेही आधी रूल्स कमिटीचं. ही पाच जणांची समिती. अध्यक्षपद सिनेटच्या सर्वोच्च नेत्याकडे, म्हणजे प्रेसिडेंट प्रो टेम यांच्याकडे. पत्र या समितीच्या नेमणुका पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना जायला हवं. प्रत तुमच्या भागाच्या सिनेटरला द्या.

पत्र सुनावणीच्या आठवडाभर तरी आधी पोचू द्या. तिथले कर्मचारी सदस्यांसाठी टिपण तयार करतात. त्या टिपणात आलात तर वाचले गेलात. नेमलेल्या व्यक्तीलाही समिती लेखी प्रश्न पाठवते आणि लेखी उत्तरं मागवते. ती उत्तरं वाचून मग पत्राला हात लावला तर आणखी बरं.

एका पानाच्या वर जाऊ नका. पहिल्या ओळीत व्यक्तीचं नाव, पद आणि तुमची भूमिका: पाठिंबा, विरोध, किंवा फक्त चिंता. दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही कोण: गाव, काम, या विषयाशी नातं असलं तर ते. मग एक, फार तर दोन मुद्दे, ट्रान्सक्रिप्टचं पान देऊन. शेवटी समितीनं विचारावा असा एक प्रश्न. हा प्रश्न पत्राचा सगळ्यात उपयोगी भाग. उदाहरणार्थ (इंग्रजीत लिहायचं, पण आशय असा):

"मी वाचलेल्या सहा सुनावण्यांपैकी चार निर्णयांत तरुण वयाच्या घटकांबद्दल जवळजवळ एकसारखं एकच वाक्य आहे. कृपया यांना विचारावं की हे घटक प्रत्यक्षात तोलताना त्या काय करतात, आणि एखाद्या प्रकरणात त्यामुळे त्यांचं मत बदललं होतं का."

सिनेटरला असा आयता प्रश्न आवडतो. "ही व्यक्ती निर्दयी आहे" हे वाक्य तो मोठ्यानं वाचू शकत नाही. हा प्रश्न वाचू शकतो.

एक गोष्ट करू नका. तुमच्या ओळखीतल्या कुणाचं प्रकरण बोर्डासमोर असेल तर मंजुरीच्या पत्रात ते घुसडू नका, आणि कमिशनरला बाहेर गाठून तर अजिबात बोलू नका. कैद्याच्या बाजूनं किंवा विरोधात पत्र देण्याचा रस्ता वेगळा आहे, ते बोर्डाकडे त्याच्या फाइलमध्ये जातं. दोन्ही मिसळलं की कमिशनरवर दबाव आणल्यासारखं दिसतं, आणि नुकसान त्या माणसाचंच होतं. आपल्याकडच्या "साहेबांना एक शब्द टाका" या सवयीला इथे कुलूप लावा.

पायरी ६: सुनावणीचा दिवस

रूल्स कमिटी बहुतेक बुधवारी बसते. विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते आणि त्यात नेमणुकांचे दोन गट असतात: ज्यांनी समोर हजर राहायचं ते, आणि ज्यांना हजर राहायची गरज नाही ते. तुम्ही ज्याच्यावर लक्ष ठेवून आहात ते नाव दुसऱ्या गटात असेल तर प्रश्नोत्तरं होणार नाहीत, थेट मतदान. मग तुमचा सगळा भार पत्रावर. म्हणून आधी गट बघा, मग रजा टाका.

फॉल्समहून लाइट रेलची गोल्ड लाइन थेट राजधानी सॅक्रामेंटोच्या मध्यवस्तीत सोडते, पार्किंगची कटकट नाही. पण उतरून घुमटाच्या इमारतीकडे धावू नका. कॅपिटलची, म्हणजे विधानभवनाची, जुनी पुरवणी इमारत पाडून नवी बांधायचं काम निघाल्यापासून कार्यालयं आणि बऱ्याच सुनावण्या ओ स्ट्रीटवरच्या १०२१ क्रमांकाच्या इमारतीत गेल्या. विषयपत्रिकेवर इमारत आणि खोली दोन्ही तपासा. सुरक्षा तपासणीला वेळ लागतो, आणि स्टीलचा डबा पिशवीत असेल तर आणखी थोडा.

आत काय होतं? नेमलेली व्यक्ती छोटं निवेदन करते. बहुतेक वेळा घरच्यांची ओळख करून देते, मागच्या रांगेत आईवडील, मुलं बसलेली असतात. मग सदस्यांचे प्रश्न. मग पाठिंब्याचे साक्षीदार, मग विरोधाचे. कधी कैद्यांच्या बाजूनं काम करणाऱ्या संस्था, कधी पीडितांच्या संघटना, कधी सरकारी वकिलांची संघटना. शेवटी बाकीचे रांगेत येऊन फक्त नाव, गाव आणि भूमिका सांगतात. तुम्ही बहुधा या रांगेत असाल. "मी अमुक, फॉल्समहून, पाठिंबा" एवढं बोललं की बाजूला व्हायचं. मी पहिल्या वेळी भाषण तयार करून नेलं होतं. ते अजून फोनमध्ये आहे.

उच्चाराची, इंग्रजीची काळजी करू नका. त्या खोलीत सगळ्या प्रकारचे उच्चार येतात. जाता येत नसेल तर सिनेटच्या संकेतस्थळावर थेट प्रक्षेपण असतं आणि नंतरही बघता येतं. एकदा घरी बसून पूर्ण बघितली की दुसऱ्या वेळी जायला धीर येतो.

पाचपैकी तीन मतं पडली की नाव पुढे जातं.

पायरी ७: सभागृहातलं मतदान, आणि त्यानंतर

समितीतून सुटलेलं नाव सिनेटच्या रोजच्या कामकाज-पत्रिकेत गव्हर्नरच्या नेमणुकांच्या सदराखाली येतं. मंजुरीला ४० पैकी २१ मतं लागतात. कुणाचा आक्षेप नसला की अनेक खात्यांची नावं एकामागून एक झटपट निघतात. चहा करायला उठलात तर चुकेल. कुणी कसं मत दिलं याची नोंद राहते. तुमच्या सिनेटरनं पत्रानंतर काय केलं ते तिथे बघून घ्या. त्याला आभाराचं किंवा नाराजीचं दोन ओळींचं पत्र टाका, पुढच्या वेळी नाव ओळखीचं वाटतं.

मंजुरी मिळाली म्हणून पाठ फिरवू नका. बोर्डाची दर महिन्याला खुली बैठक होते. पॅनलमध्ये मतं फुटलेली किंवा पूर्ण बोर्डाकडे आलेली प्रकरणं तिथे निघतात आणि कुणालाही काही मिनिटं बोलता येतं. तिथे कमिशनर एकमेकांसमोर कसे वागतात तेही दिसतं.

आणि मुदतीची तारीख लिहून ठेवा. फेरनेमणूक झाली की नाव पुन्हा याच समितीकडे येतं, बऱ्याचदा हजर राहायची गरज नसलेल्या गटात, आणि मग कुणी बघत नाही. पहिल्या वेळी वाचायला काही महिन्यांची ट्रान्सक्रिप्टं होती. या वेळी तीन वर्षांची असतील. पुन्हा दोन महिने निवडा, एक सुरुवातीचा आणि एक अलीकडचा, आणि तेच प्रश्न शोधा.